निरोगी मेंढरांची पैदास: मेंढपाळ नेहमी विचारतात ते प्रश्न

माण, खटाव, फलटण, जत, सांगोला या पट्ट्यात मेंढपाळांच्या वाड्यांवर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळांवर, जाऊन मेंढरांच्या नोंदी ठेवायचं काम मी करते. माझं बालपणही वाड्यावरच गेलं. आमच्याकडे मेंढराला ‘बकरं’च म्हणतात. शहरातला माणूस त्यावरून गोंधळतो, म्हणून इथे मी ‘मेंढी’च लिहिलं आहे. खालचे प्रश्न मला वाघरीच्या (मेंढरं कोंडायच्या जाळीच्या) कडेला बसून, चहा पिता पिता विचारले गेलेले आहेत. बहुतेक ठिकाणी दख्खनी मेंढीच डोळ्यांपुढे आहे, कारण आपल्या कोरड्या मुलखात तीच जास्त आहे.

लस आहे, औषध आहे. मग आरोग्यासाठी पैदास कशाला बदलायची?

लस टोचायचीच. आंत्रविषार (आतड्यात विष होऊन झटपट मारणारा रोग) आणि पीपीआर (शेळ्यामेंढ्यांची बुळकांडीसारखी साथ) यांच्यापुढे कितीही निवडक मेंढा आणला तरी उपयोग नाही. तिथे वेळेवर लस हाच उपाय. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकली आणि दोन पावसांनंतर कोवळ्या गवतावर धष्टपुष्ट कोकरं पटापट पडली, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

पण सगळेच त्रास असे नसतात. एकाच वाघरीत बसणारी, एकाच रानात चरणारी शंभर मेंढरं घ्या. श्रावण-भाद्रपदात त्यातली ठरावीक वीस-पंचवीस दर वर्षी ढासळतात, बाकीची तग धरतात. चारा तोच, पाणी तेच, औषधही तेच, तरी असं होतं. हा फरक थोडा नशिबाचा आणि बराचसा अंगच्या गुणाचा असतो. जंतांना तोंड देण्याची ताकद, पायकुजीला दाद न देणारे खूर, कोकराला जवळ घेण्याची आईची ओढ, कासेची ठेवण हे सगळं कमी-अधिक प्रमाणात आईबापांकडून उतरतं.

दुसरं कारण औषधांचं. तेच तेच जंतनाशक सगळ्या कळपाला वर्षानुवर्षं पाजलं की त्या औषधाला न मरणारे जंतच मागे उरतात आणि वाढतात. ‘औषध पूर्वीसारखं लागू पडत नाही’ ही तक्रार आता जवळपास प्रत्येक वाड्यावर ऐकू येते.

आम्ही काही निवड-बिवड करत नाही. मेंढा कळपातलाच असतो. चालतं ना?

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही निवड करत नसलात तरी व्यापारी करतो. तो वाड्यावर येतो तेव्हा काय करतो ते नीट पाहा. तीन-चार महिन्यांच्या कोकरांत शिरतो, एकेकाच्या कमरेवर पंजा दाबतो, मांडी चाचपतो, एखादं उचलून वजनाचा अंदाज घेतो आणि जे भरलेलं असेल त्याला बाजूला काढतो. सर्वांत जलद वाढलेलं, आजारी न पडलेलं, आईला भरपूर दूध असलेलं नर कोकरू त्या दिवशी टेम्पोत चढतं. जे खुरटलं, दोनदा हगवणीतून उठलं, ज्याला गिऱ्हाईकच मिळालं नाही, ते मागे राहतं. वर्षभराने तेच कळपाचा मेंढा होतं आणि तीस-चाळीस मेंढ्या त्याच्यापासून फळतात.

म्हणजे दर वर्षी चांगला बाप विकायचा आणि उरलेल्यापासून पैदास करायची. असं दहा वर्षं केलं की ‘पूर्वीसारखी मेंढरं राहिली नाहीत’ असं म्हणायची वेळ येते. आमच्या घरीही हेच झालं. वडिलांना मेंढरातलं सगळं कळायचं, पण लोणंदच्या बाजारात कोकरू नेलं की हातात पैसे येत, आणि घरात त्या पैशांची नड असे. त्यात त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही.

उपाय मात्र स्वस्त आहे. व्यापारी यायच्या आधी, कोकरं दोन-अडीच महिन्यांची असतानाच, उत्तम तीन-चार नर हेरून कानात बिल्ला घालायचा. ‘ही विकायची नाहीत’ असं घरातल्या सगळ्यांसमोर ठरवायचं. ती वर्षाची झाली की त्यांतून एक-दोन ठेवून बाकीची विकता येतात, आणि तोवर त्यांचं वजनही वाढलेलं असतं.

मेंढा निवडताना नेमकं काय पाहायचं?

आधी लांबून पाहा, मग हात लावा.

लांबून चाल पाहायची. कळप चरायला निघाला की हा कुठे असतो? मागे रेंगाळतो, की पुढच्यांत असतो? पाय सरळ पडतात, की गुडघे एकमेकांना घासतात? दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पावसाआधी घाट चढून परत यायचं, असं ज्यांचं वर्ष असतं त्यांच्यासाठी पाय हा पहिला गुण आहे.

मग तोंड उघडून बघायचं. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते. खालचे दात त्या गादीवर बरोबर टेकले पाहिजेत. जबडा आखूड किंवा पुढे आलेला असेल तर ते जनावर ओल्या चाऱ्यावर निभावतं, पण उन्हाळ्यात, जमिनीलगतची काडी खुडायची वेळ आली की उपाशी राहतं. आमच्या कळपात एक काळाभोर, उंच, फार देखणा मेंढा होता. त्याचा खालचा जबडा बोटभर आत होता, आणि आम्ही कोणी कधी त्याचं तोंड उघडून पाहिलंच नव्हतं. दोन वर्षांनी वैशाखात त्याची पिल्लं रानात चरूनही सुकायला लागली. आम्ही जंताचं औषध पाजलं, टॉनिक दिलं, देवाला नवस बोललो. शेवटी आईने एका पिल्लाच्या तोंडात बोट घातलं आणि ती म्हणाली, ‘याला घास तुटतच नाही.’

डोळे पाहायचे. पापणी आत वळलेली असली की केस बुबुळाला घासत राहतात, डोळ्यातून सतत पाणी येतं, शेवटी डोळा जातो. हा दोष वंशात उतरतो. कोकराची पापणी शिवून दुरुस्त करता येते, पण असा नर पैदाशीला ठेवायचा नाही.

अंडकोश हातात घेऊन तपासायचा. दोन्ही अंडी खाली उतरलेली, सारख्या आकाराची, घट्ट पण दगडासारखी कडक नव्हेत, आणि कुठे गाठ नको. एकच अंड उतरलेला नर कितीही चांगला वाटला तरी बाद.

शेवटी त्याची आई शोधा, हे फार थोडे लोक करतात. तिची कास कशी आहे? सड इतके जाड किंवा लोंबते आहेत का की कोकराला तोंडात धरता येत नाहीत? तिला कधी दगडी (कासेची सूज) झाली होती का? व्यायल्यावर ती कोकराला चाटत उभी राहते, की कळपामागे पळते? मेंढा स्वतः दूध देत नाही, पण त्याच्या लेकी देणार आहेत.

माडग्याळच्या मेंढ्यांना लाखांत बोली लागते. तसा मेंढा आणावा का?

जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, लांब, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची, पोपटासारख्या बाकदार नाकाची असते. तिची वाढ चांगली आहे आणि अंगावर लोकर थोडी. लाखांच्या बोलीत मात्र पैसे बहुतेक त्या नाकाचे आणि रुबाबाचे असतात. नाकाच्या बाकावरून जंत, खूर, दूध यातलं काहीही कळत नाही. आणायचाच असेल तर वर सांगितलेल्या सगळ्या कसोट्या त्यालाही लावा. केवळ नाकासाठी आते-मामे नात्यात जोड्या लावत गेलात तर काय होतं, ते पुढे लिहिलं आहे.

जंत कमी होणारी मेंढी कशी ओळखायची?

पावसाळ्यात आपल्याकडे सर्वांत जास्त मेंढरं खाणारा जंत म्हणजे हिमोंकस, रक्त पिणारा गोलकृमी. तो मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. ऐकायला थोडं वाटतं. पण पोटात दोन हजार जंत असले तर रोजचं १०० मिलिलिटर झालं, आणि २५ किलोच्या मेंढीच्या अंगात सारं मिळून दीड-पावणेदोन लिटर रक्त असतं. त्यामुळे मेंढी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं, आणि एके सकाळी ती वाघरीतून उठत नाही.

ओळखायची सोपी रीत दक्षिण आफ्रिकेतून आली. तिला फामाचा म्हणतात. भर उजेडात मेंढीची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून आतला रंग पाहायचा आणि तो तक्त्याशी ताडायचा. लालबुंद असेल तर १, पूर्ण पांढरा असेल तर ५. एक-दोन आकडा आला तर औषध नको. चार-पाच आला तर लगेच पाजायचं. तीनच्या बाबतीत कोकरू, गाभण किंवा तान्ही मेंढी असेल तर पाजायचं, बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं. पापणी दोन-तीन सेकंदच ओढून धरा. जास्त वेळ उघडी ठेवली तर चोळून लाल होते आणि रंग फसवतो.

पैदाशीसाठी महत्त्वाचा भाग नोंदीचा आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर दोन-तीन आठवड्यांनी पाहायचं आणि ज्याला औषध लागलं त्याच्या नावापुढे काडी मारायची. दिवाळीला वही उघडा. बहुतेक जनावरांपुढे एकही काडी नसते किंवा एखादीच असते, आणि थोड्यांपुढे तीन-चार. कळपातले बहुतांश जंत या थोड्याच जनावरांच्या पोटात असतात आणि तीच लेंड्यांतून साऱ्या रानात अंडी पेरत हिंडतात. जंताची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. तीन-चार काड्यांच्या मेंढीचा नर कधीच ठेवायचा नाही. ती मेंढी स्वतःही पुढच्या बाजारात गेली तर उरलेल्यांवरचं ओझं उतरतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, पापणी फिकट पडायला यकृतातल्या पानासारख्या जंताचाही हात असू शकतो. तळ्याकाठी, ओढ्याच्या दलदलीत चरणाऱ्या कळपात ही शंका धरून लेंडी तपासून घ्या. दुसरी, कोकरं आणि नुकत्या व्यायलेल्या मेंढ्या त्या काळात तात्पुरत्या कमजोरच असतात. त्यांची तुलना त्यांच्यासारख्यांशीच करायची.

तपासणीची सोय असेल तर लेंडीतली अंडी मोजून घेणं जास्त पक्कं. अंड्यांच्या संख्येतला जनावराजनावरांमधला फरक साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका वंशातून येतो. वाढीच्या वजनातला वंशाचा वाटाही जवळपास एवढाच असतो. म्हणजे वजनासाठी निवड चालते, तर जंतांसाठीही चालते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकापासून मेंढे विकतानाच त्यांच्या जंत-प्रतिकाराचा आकडा सांगायची पद्धत पडली आहे.

पायकूज दर पावसाळ्यात होते. त्यातही निवड करता येते का?

येते. दोन पावसाळे सलग ज्याचे खूर कुजले ते जनावर पैदाशीला नको. खूर वेळच्या वेळी छाटा, ओल्या चिखलात वाघर लावू नका.

‘नारी सुवर्णा’ म्हणजे नक्की काय आहे?

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली ती स्थापन केली. तिचं आद्याक्षरी नाव ‘नारी’. तिथे १९९० पासून शेळ्यामेंढ्यांवर काम सुरू झालं आणि डॉ. चंदा निंबकर यांनी ते पुढे नेलं.

दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. पश्चिम बंगालात, सुंदरबनच्या खाऱ्या दलदलीत, गरोळ नावाची मेंढी आहे. ती इतकी लहान की आपल्या सहा-सात महिन्यांच्या कोकराएवढीच वाटते, पण तिला जुळी-तिळी सहज होतात. याच्या मागे एका जनुकातला एक बदल आहे, त्याला फेक-बी म्हणतात. हे जनुक कुठलं, ते २००१ साली कळलं. त्याआधी ऑस्ट्रेलियात बुरुला नावाच्या मेरिनो मेंढ्यांत हाच गुण दिसून लोक चकित झाले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या बंगालच्या मेंढ्यांकडून तो तिथे पोचला असावा असं मानतात. सुंदरबनातल्या गरीब घरच्या मेंढीचा गुण जगभर हिंडून पुस्तकांत नोंदला गेला, आणि ती मेंढी मात्र आपल्याच देशात कोणाला फारशी माहीत नव्हती. मला याचं फार वाटतं.

नारीने गरोळचं ते जनुक दख्खनीत उतरवलं आणि पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा दख्खनीशी जोडून अंगाने मोठी, चालायला कणखर, पण जुळी देणारी मेंढी तयार केली. ती नारी सुवर्णा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं या कामात बरोबर होती. रक्ताच्या थेंबावरून जनुकाच्या किती प्रती आहेत ते तपासता येतं, त्यामुळे नर कोकरू लहान असतानाच त्याच्या लेकी जुळी देतील का ते कळतं. एक प्रत असलेल्या मेंढ्या सरासरी दीडच्या आसपास कोकरं देतात, म्हणजे दोन वेतांना तीन.

याच संस्थेच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली. गरोळच्या संकरित कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी होती, पण त्यांची वाढही सावकाश होती. आजन्म दलदलीत उभ्या राहणाऱ्या जातीत जंतांना तोंड द्यायची ताकद साठलेली असणारच. पैदाशीत असं नेहमी होतं. एक गुण आणताना त्याच्याबरोबर दुसरं काय येतं, ते मोजत राहावं लागतं.

जुळी झाली की आईचे हाल होतात. मग हे कल्याण कसलं?

हा प्रश्न मला एका वाड्यावरच्या आजींनी विचारला होता, आणि तो बरोबर आहे.

जुळ्यांतलं प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा हलकं असतं. एकटं तीन किलोचं असेल तर जुळ्यांतलं दोन-सव्वादोन. हलकं कोकरू लवकर गारठतं, उठायला वेळ लावतं. गर्भाचं दोन-तृतीयांशाहून जास्त वजन शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं, आणि तेव्हाच पोटात जागा नसल्याने आईचं चरणं कमी होतं. अशा वेळी तिला रोज पाव किलोभर मका-पेंडीचा खुराक मिळाला नाही तर ती अंगातली चरबी जाळायला लागते, सुस्तावते, खाणं टाकते. जुळ्यांची गाभण मेंढी व्यायच्या आठ-दहा दिवस आधी पडते ती बहुतेकदा यामुळे.

मार्गशीर्षातली एक रात्र सांगते. पहिलं कोकरू उठून कासेला लागलं होतं. दुसरं मागाहून आलं, आई पहिल्यालाच चाटत राहिली. दुसऱ्याच्या तोंडात बोट घातलं तर आत थंडगार. ते घोंगडीत गुंडाळून शेकोटीजवळ धरलं, आईचा चीक वाटीत पिळून चमच्याने थोडा थोडा दिला. अर्ध्या तासाने त्याने बोट चोखलं, मग ते कासेला लागलं. लक्षात ठेवायचा आकडा असा: अडीच किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दोन तासांत १०० ते १२५ मिलिलिटर चीक गेला पाहिजे. चिकातूनच त्याला रोगाशी लढायची ताकद मिळते. आईच्या रक्तातून गर्भात ती उतरत नाही.

त्यामुळे माझं मत असं. ज्यांच्याकडे मेंढ्या व्यायच्या काळात एका जागी असतात, थोडा खुराक देता येतो आणि रात्री उठणारं माणूस आहे, त्यांनी जुळ्यांच्या जनुकाची एकच प्रत असलेली मेंढी जरूर ठेवावी. दोन्ही प्रती असलेली मेंढी नको, कारण तिळ्यांचं प्रमाण वाढतं आणि दोन सडांवर तीन कोकरं म्हणजे एक उपाशी. ज्यांचा वाडा मेंढ्या व्यायच्या काळात रोज दहा-बारा किलोमीटर चालतो आणि नवी कोकरं घोड्याच्या पाठीवर बांधून न्यावी लागतात, त्यांनी एकच पण दणकट कोकरू देणारी मेंढी ठेवावी. त्यात मागासलेपणा काही नाही. दुधाची, कोकराला न विसरणारी मेंढी हीच त्यांची चांगली जात.

एकच मेंढा किती वर्षं चालवायचा?

दोन वर्षं, मग बदला. तिसऱ्या वर्षी त्याच्या लेकी माजावर येतात आणि बाप-लेकीची जोडी लागते. अशा जोडीपासून झालेल्या कोकरात दर चार जनुकांमागे एकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. दडून बसलेले दोष मग वर येतात. कोकरं हलकी जन्मतात, लवकर मरतात, पुढे मेंढ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात.

नुसता मेंढा बदलला आणि तो त्याच बापाचा मुलगा असला तर काही साधलं नाही. हिशोब करून पाहा. पन्नास मेंढ्यांच्या बंद कळपात दर पिढीला एकच मेंढा वापरला तर नात्यातली जवळीक पिढीमागे जवळपास पावणेतेरा टक्क्यांनी वाढते. तीन मेंढे वापरले तर साडेचार टक्क्यांच्याही आत राहते. म्हणून दोन-तीन वाड्यांनी ठरवून पैदाशीच्या नरांची अदलाबदल करावी. पाहुण्यारावळ्यांत हे सहज होतं. फक्त दोन्ही वाड्यांचे मेंढे मुळात एकाच ठिकाणाहून आलेले नाहीत ना, ते विचारून घ्या.

कोकरू व्यंग घेऊन जन्मलं. मेंढी काढू की मेंढा?

फाटलेला टाळू, आखूड जबडा, वाकडे पाय असे दोष बरेचदा दोघांकडून एक-एक प्रत आली तरच दिसतात. म्हणजे दोघांवरही संशय. पण मेंढीची वर्षाला एक-दोन कोकरं, मेंढ्याची तीस-चाळीस. त्यामुळे एकाच मेंढ्याच्या दोन कोकरांत तेच व्यंग दिसलं तर तो मेंढा आधी काढा. एकदाच दिसलं तर वहीत लिहून ठेवा. गाभणपणात खाल्लेलं विषारी झुडूप किंवा झालेला ताप हेही कारण असू शकतं.

डॉर्परसारखी परदेशी जात आणली तर फायदा नाही का?

डॉर्पर दक्षिण आफ्रिकेतली, १९३०च्या दशकात तिथल्या कोरड्या भागासाठी तयार केलेली मांसाची जात. वाढ जोरदार आहे. पण केनियाच्या दमट किनाऱ्यावर तिची तुलना तिथल्या लाल मसाई मेंढीशी केली गेली, तेव्हा जंतांमुळे डॉर्परची कोकरं कितीतरी जास्त मेली. हातात उरलेली कोकरं मोजल्यावर स्थानिक मेंढीच सरस ठरली.

आपल्याकडेही लोकरीसाठी दख्खनीचा मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींशी संकर करून झाला. बारीक लोकर घेऊन उन्हातान्हात भटकायची ताकद त्या संकरितांत पुरेशी नव्हती, म्हणून वाड्यांवर ते टिकले नाहीत. परदेशी रक्त आणायचंच असेल तर बंदिस्त पालनात, फक्त विक्रीच्या कोकरांसाठी आणा. त्यांच्या माद्या फिरत्या कळपात मिसळू नका.

लोकरीला भाव नाही, कातरणीचा खर्च अंगावर येतो. बिनलोकरीची पैदास करू का?

पैशाचा विचार केला तर करा, असंच म्हणावं लागतं. लोकर कातरायची मजुरी लोकर विकून निघत नाही, आणि कातरणी टळली की उन्हाळ्यात मेंढीला धाप लागते, लोकरीत गोचीड आणि खरूज माजते. घोंगडी विणणारे सनगर कमी होत चालले आहेत, त्याचं मला दुःख आहे. पण ते ओझं मेंढीने पाठीवर वाहावं हे बरोबर नाही.

अंगाच्या ठेवणीतून दुःख टाळता येतं, याचं मोठं उदाहरण मेरिनोचं आहे. त्या जातीच्या मागच्या बाजूला कातडीच्या घड्या असतात. त्यांत लघवी-लेंडी साचते, माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीचं मांस खातात. उपाय म्हणून ऑस्ट्रेलियात कोकराच्या पार्श्वभागाची कातडीच कापून काढतात. न्यूझीलंडने २०१८ साली या कापण्यावर बंदी घातली. आता पैदासकार घड्या नसलेले, मागे लोकर कमी असलेले मेंढे निवडतात. तसं कोकरू जन्मलं की कात्री लावायची गरजच उरत नाही.

आम्ही फिरतीवर असतो, लिहायला वेळ नाही. नोंदी कशा ठेवायच्या?

कानात आकड्याचा प्लास्टिकचा बिल्ला आणि शाळेची एक वही. मेंढीचा आकडा, व्यायली ती तारीख, कोकरं किती, तीन महिन्यांनी किती जगली, आणि औषधाच्या काड्या. एवढंच. वाड्यावरची शाळकरी मुलगी हे उत्तम करते. लिहिणारं कोणीच नसेल तर ज्याला औषध पाजलं त्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढा आणि दिवाळीपर्यंत पट्टे पुसू देऊ नका.

किती वर्षांत फरक दिसेल?

मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. आज निवडलेल्या मेंढ्याची लेक व्यायला अडीच-तीन वर्षं लागतात. तोवर धीर धरावा लागतो. पण सलग तीन पिढ्या निवडलेले मेंढे वापरले तर तिसऱ्या पिढीच्या कोकरातला ८७.५ टक्के वंश त्या तीन मेंढ्यांकडून आलेला असतो. अर्धा शेवटच्याचा, पाव आधीच्याचा, अष्टमांश त्याच्याही आधीच्याचा. मेंढ्या विकत न घेता सारा कळप बदलतो तो असा. कोकराचं जगणं-वाचणं मात्र थेट निवडीने फार हळू सुधारतं, कारण त्यात वंशाचा वाटा अगदी थोडा आहे. तिथे खुराक, चीक आणि रात्रीची राखण जास्त काम करते.

कृत्रिम रेतन करून घेता येईल का?

गाई-म्हशींइतकं सोपं नाही. मेंढीच्या गर्भाशयाच्या मुखाची वाट वेडीवाकडी असते, नळी आतपर्यंत जात नाही, त्यामुळे गोठवलेलं रेत वापरलं तर फारच थोड्या मेंढ्या गाभण राहतात. ताजं रेत बरं चालतं. फिरत्या कळपाने चांगल्या मेंढ्यावरच पैसे घालावेत.

असा मेंढा मिळेल कुठे, आणि आणल्यावर थेट कळपात सोडू का?

फलटणची नारी, पुण्यातलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आणि त्याची प्रक्षेत्रं, राहुरीचं कृषी विद्यापीठ इथे चौकशी करा. त्याआधी शेजारच्या वाड्यावर विचारा. ज्यांच्याकडे पावसाळ्यात औषध कमी लागतं आणि म्हाताऱ्या मेंढ्या अजून व्यातात, त्यांच्याकडचं नर कोकरू पैसे जास्त पडले तरी घ्या.

थेट सोडू नका. तीन आठवडे वेगळं बांधा. पहिल्या दिवशी चारही खूर पाहून छाटा, पीपीआरची लस झाली आहे का ते विचारा, जंताचं औषध पाजा आणि दहा-बारा दिवसांनी लेंडी तपासून घ्या. औषध पाजूनही अंडी दिसली तर त्याच्याबरोबर न मरणारे जंत आले आहेत. मग दुसऱ्या गटातलं औषध देऊन लेंडी स्वच्छ आल्यावरच त्याला वाघरीत घ्या.